घोंगडीची मॅच

श्रावणात मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र लखननं पाठवलं होतं. आमच्या मेंढपाळ शिक्षण समितीचा तो सचिव. लहानपणी समितीच्याच वसतिगृहात राहिलेला, माझ्या ग्रंथालयातून पुस्तकं नेऊन वेळेवर परत करणारा, त्यामुळे माझा लाडका. पत्र टाइप केलेलं होतं आणि कागदाच्या डोक्यावर तालुक्याचे पुढारी आप्पाराव यांचा हात जोडलेला फोटो होता. दिवाळीनंतर होणाऱ्या आपल्या वार्षिक फुटबॉल सामन्याचं नाव यंदापासून ‘आप्पारावदादा चषक’ करायचं समितीनं ठरवलं आहे. पोरांच्या शिष्यवृत्तीचा सगळा भार दादांनी उचलायचं कबूल केलं आहे, आणि सामन्याची सगळी व्यवस्था यापुढे दादांच्या संस्थेकडे राहील. समितीच्या घटनेप्रमाणे अशा बदलाला संस्थापक सदस्याची संमती लागते, आणि संस्थापकांपैकी हयात आता आपण एकटेच आहात. पंधरा दिवसांत आपलं उत्तर आलं नाही, तर आपली हरकत नाही असं समजण्यात येईल.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते मला ओळखणाऱ्या माणसानं लिहिलेलं होतं. बंकटसरांना, म्हणजे मला, चारचौघांत साधं ‘चहा नको’ म्हणता येत नाही, हे लखनला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी लिहायला बसत होतो. ‘आपल्या सद्हेतूबद्दल तिळमात्र शंका न बाळगता’ इथून सुरुवात केली. मग वाटलं, आपण कोण विरोध करणारे? सगळं उभं केलं ते माझ्या मित्रानं, बद्रीनाथनं. आपण बाजूला बसून टाचणं काढत होतो. पोरांची फी कुणी भरत असेल, तर नावाचा हट्ट कशाला? मग वाटलं, हट्ट नावाचा नाही. असं दोन्ही बाजूंनी लिहीत गेलो.

वच्छला, माझी बायको, भाजी चिरता चिरता विचारायची, “किती पानं झाली वो?”

“आठ.”

“त्यात ‘न्हाई’ हा शब्द कितव्या पानावर हाय?”

मी पानं चाळून पाहिली. नव्हता.

“मग भाकरी खाऊन घ्या,” ती म्हणाली.

पंधरा दिवस निघून गेले.

घोंगडीची मॅच म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता तिचे जे फोटो छापून येताहेत त्यांत ती कुठंच दिसत नाही.

मेंढरं घेऊन फिरणारी आमची माणसं दिवाळी झाली की घर सोडतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्यांच्या पोरांची नावं शाळा घालून घ्यायच्या नाहीत. ‘आज आहेत, उद्या नाहीत, हजेरी कुणाची मांडायची?’ असं हेडमास्तर तोंडावर म्हणायचे. गावात खोली भाड्यानं कुणी देत नसे. अंगाला मेंढराचा वास येतो म्हणत. म्हणून आम्ही दोन वसतिगृहं काढली, एक घाटनांदूरला आणि एक युसूफ वडगावला. आम्ही म्हणजे मुख्यतः बद्रीनाथनं. तो हायस्कुलात खेळाचा शिक्षक होता, मेंढपाळाच्या घरातला. मीही तसल्याच घरातला, पण मी पुस्तकात तोंड खुपसून तिथून निसटलो होतो. त्यानं मला दंडाला धरून परत आणलं.

फुटबॉलच का, असं लोक अजून विचारतात. कुस्तीचा आखाडा बागायतदारांच्या पोरांचा होता. कबड्डीचा संघही त्यांचाच. आमची पोरं तिथं पाण्याची घागर भरून ठेवायला चालत. फुटबॉल मात्र त्या वेळी आमच्या भागात कुणालाच येत नव्हता. “जो खेळ कुणाच्या बापाचा न्हाई, तो खेळू,” असं बद्रीनाथ म्हणाला. नियमांचं पुस्तक मी मागवलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. ऑफसाइडचा नियम मला अजून नीट समजलेला नाही.

सामना दोन वसतिगृहांचा. दिवाळीनंतरच्या रविवारी, मेंढरांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, निघायच्या आधी, म्हणजे आईबापांना बघायला येता येईल. सोयाबीन निघालेलं एखादं रान धरायचं. त्या रानात आधी काही रात्री मेंढ्या बसवायच्या. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला मिळायचं, त्याच्या बदल्यात तो एक दिवस रान खेळायला द्यायचा. कुणाचे कुणावर उपकार नाहीत. पोरं पडली की अंगाला लेंड्या चिकटायच्या, आणि ज्याच्या अंगाला जास्त त्याला बायका जास्त शाबासकी द्यायच्या.

आणि मध्यंतराला घोंगडी फिरायची. चार बायका चार कोपरे धरून रानाभोवती चालत. ज्याला जे टाकायचं ते मूठ झाकून टाकायचं. नोटा, चिल्लर, एकदा कुणी चांदीचं कडं टाकलं होतं. कुणी काय टाकलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही, पावती फाडायची नाही. पुकारायची ती फक्त पोरांची नावं. घोंगडी फिरत असताना कॉलेजात जाणारं एकेक पोरगं रानाच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं सांगायचं, मी अमका, अमक्या वाडीचा, अमुक शिकणार. बस. कुणाला नमस्कार नाही, कुणाचे आभार नाहीत. बद्रीनाथचा त्यावर कटाक्ष होता. “पोरानं फीसाठी कुणापुढं वाकायचं न्हाई,” तो म्हणायचा. “एकदा वाकलं की ते साहेब होऊन आलं तरी वाकलेलंच येतंय.”

बद्रीनाथ गेला. समितीत नवी माणसं आली. पण घोंगडी दर वर्षी फिरत होती.

यंदा रविवारी सकाळी लखननं माझ्यासाठी गाडी पाठवली. मी जायला नको होतं. पण गाडी दारात उभी राहिली, ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवत होता, शेजारी बघत होते, म्हणून गेलो.

मॅच रानात नव्हती. आप्पारावांच्या संस्थेच्या मैदानावर होती, तारेच्या कुंपणात. एका बाजूला मंडप, मंडपात सोफे आणि पुढं मंच. कुंपणाच्या फाटकावर एक मोठा फलक आणि त्यावर आप्पारावांच्या खांद्याजवळ, सुपारीएवढा, माझा फोटो. माझ्या निरोप समारंभातला. खाली लिहिलेलं, ‘मार्गदर्शक’. मला पहिल्यांदा लाज वाटली. राग नंतर आला. मला राग असाच येतो, उशिरा, आणि आला तरी तो बरोबर आहे की नाही हे मी तपासत बसतो. त्या दिवशी तपासायची गरज पडली नाही.

लखन पुढं आला. पांढरा सदरा, पांढरी पँट, छातीला बिल्ला.

“या सर, या. पहिल्या रांगेत खुर्ची हाय तुमची.”

“लखन, ते तुझ्या पत्राचं...”

“त्याचं काय मनावर घेऊ नका सर. तुमचं उत्तर आलं न्हाई तवाच आमी समजलो, तुमची हरकत न्हाई. उद्या सोमवारी बीडला धर्मादाय कार्यालयात कागद टाकून यायचे, नाव बदलल्याचे.”

“पण मला म्हणायचं होतं...”

“म्हणा की! शाल घालताना दोन शब्द म्हणा,” असं म्हणत त्यानं मला पाठीवर हात ठेवून खुर्चीत बसवलं. प्रेमानंच बसवलं. ते प्रेम मला अजून बोचतं.

पोरांना नवे शर्ट दिले होते. दोन्ही संघांचे रंग वेगळे, पण छातीवर चित्र एकच, आप्पारावांचा चेहरा. आता फुटबॉलमध्ये उंचावरून आलेला चेंडू पोरं छातीवर घेतात. चेंडू आला की धप्पकन दादांच्या तोंडावर बसायचा. पहिल्यांदा बायका हसल्या. दुसऱ्यांदा सगळे हसले. तेव्हा लखन रेषेजवळ धावत गेला आणि ओरडला, “ए, छातीवर घेऊ नका बे! डोस्क्यानं मारा!” वडगावच्या एका उंच पोरानं त्यानंतर मुद्दाम दोन चेंडू छातीवर घेतले. मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर काही बसावं अशी इच्छा केली नव्हती. त्या दिवशी केली.

शिट्टी ऋतुजाच्या हातात होती. घाटनांदूरच्या वसतिगृहात वाढलेली मुलगी, कडूबाईची नात. कडूबाई म्हणजे घोंगडीचा पहिला कोपरा धरणारी बाई, सुरुवातीपासून. ऋतुजा आता उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवरची फी घोंगडीतून गेली, शेवटच्या वर्षाची अजून भरायची होती. दर वर्षी ती मॅचला पंच म्हणून येते, कारण ऑफसाइडचा नियम तिला समजतो.

घाटनांदूरचा एक गोल झाला आणि मध्यंतर झालं. कडूबाई मंडपाशेजारी उभी होती, काखेत गुंडाळलेली घोंगडी घेऊन. तिच्यासोबत तीन बायका. त्या मैदानात उतरायला लागल्या, तेव्हा संस्थेच्या एका माणसानं हात आडवा केला.

“आजी, बाजूला व्हा. कार्यक्रम हाय.”

“अरं, ह्योच कार्यक्रम हाय,” कडूबाई म्हणाली.

“तो बंद केलाय आता.”

मी हे पाच हातांवरून ऐकत होतो. माझ्या अंगावर मॅचआधीच घाईनं घातलेली शाल होती, दोन शब्दांचं कुणी विचारलं नव्हतं, आणि मांडीवर नारळ. मी नारळाकडं पाहत बसलो.

मग मंचावर पुठ्ठ्याचा चेक आणला. दाराएवढा लांब. त्यावर आप्पारावांची सही छापलेली आणि नावाच्या जागी चिकटवलेला कागद. एका पोराचं झालं की तो कागद सोलायचा आणि दुसऱ्याचा चिकटवायचा. लखन माइकवर म्हणाला, “आता आदरणीय दादांच्या शुभहस्ते गरीब, गरजू आणि होतकरू विद्यार्थ्यांना मदतवाटप होईल.” घोंगडीच्या मॅचला ‘गरीब’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पोरं रांगेत उभी होती. त्यांचे आईबाप कुंपणाजवळ जमिनीवर बसले होते, आणि आपलं पोरगं गरीब आहे ही बातमी त्यांना माइकवरून कळत होती.

पहिलं पोरगं गेलं, वाकलं, आप्पारावांच्या पायांना हात लावला. फोटोग्राफर म्हणाला, “डोकं मधी आलं, दादांचा फेस झाकला. परत.” पोरगं परत वाकलं.

दोनदा वाकवलं त्याला. माझे कान तापले. 

दुसरं पुकारलेलं नाव ऋतुजाचं. ती मंचावर चढली. गळ्यात शिट्टी, बुटांना माती. लखनच्या हातातला माइक तिनं इतका सहज घेतला, की त्यानं तो दिलाच.

“मी ऋतुजा, खालच्या वाडीची. जनावरांची डॉक्टर होतेय. शेवटचं वर्ष,” ती म्हणाली. माइक परत दिला आणि उतरायला वळली.

“अगं ए, थांब!” लखन म्हणाला. “चेक कुठं घेतला? दादांच्या पाया पड.”

“घोंगडी कुठाय?”

आप्पाराव हसले. ते ओरडणाऱ्यांतले नाहीत. गोड बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावर हात ठेवतात. “पोरी, आता घोंगडी कशाला? बँकेचा चेक हाय. लाजू नको. मी काय परका हाय का? तुझ्या आज्याची मेंढरं आमच्याच रानात बसायची.”

“बसायची की दादा. खत तुमालाच मिळालं.”

कुंपणाकडून हशा आला. मंडपात कुणी हसलं नाही. आप्पारावांचं हसू तसंच राहिलं, पण चेक धरलेला हात थोडा खाली आला. त्यांनी माइक जवळ ओढला.

“हे बघ. ही मॅच ज्यांनी सुरू केली ते बंकटसर हितं समोर बसलेत. त्यांची हरकत न्हाई. मग तुझी कावून?”

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. ऋतुजाही वळली.

मी उठलो. खरंच उठलो. नारळ मांडीवरून गडगडत शेजारच्या सोफ्याखाली गेला. मला म्हणायचं होतं, थांबा, हे खोटं आहे. तीन-चार शब्दांचं काम होतं. पण ‘खोटं’ म्हणावं की ‘वस्तुस्थितीला धरून नाही’ म्हणावं, इथं मी अडकलो. आठ पानं लिहिणाऱ्या माणसाचं हे असं होतं. तोंडातून आवाज येईना म्हणून मी उजवा हात वर केला, थांबा म्हणायला.

लखन माइकवर ओरडला, “सर स्वतः उभं राहून आशीर्वाद देतायत! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

आणि टाळ्या झाल्या. मी हात वर धरून उभा, आणि अख्खा मंडप टाळ्या वाजवतोय. फोटोग्राफरनं माझा फोटो घेतला. मागून कुणीतरी माझी घसरलेली शाल सारखी केली आणि खांद्यावर दाब देऊन मला खाली बसवलं.

ऋतुजा माझ्याकडं बघत होती. मग तिनं मान फिरवली, मंचावरून उतरली, मैदानाच्या मधोमध गेली आणि जोरात शिट्टी वाजवली. मध्यंतर संपायला अजून वेळ होता. पण शिट्टी म्हणजे शिट्टी. फीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांतले चार जण दोन्हीकडचे खेळाडू होते. ते रांग मोडून सरळ मैदानात पळाले. त्यांच्यामागं बाकीचे पळाले, खेळणारे नव्हते तेही. आप्पाराव दाराएवढा चेक धरून मंचावर उभे राहिले.

“लखन, हे काय चाललंय?” ते माइक बंद करायला विसरले होते.

“दादा, शिट्टी वाजली...”

“शिट्टी कुणाची हाय? मैदान कुणाचं हाय?”

हे सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. श्रावणापासून जे मी आठ पानांत शोधत होतो, ते आप्पारावांनी एका दमात सांगून टाकलं.

पुढं वडगावनं दोन गोल केले आणि मॅच जिंकली. चषक कुणाला दिला ते मी पाहिलं नाही.

फाटकाबाहेर रस्त्यावर कडूबाई आणि त्या तीन बायकांनी घोंगडी पसरून धरली होती. आवारात चालणार नाही म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं. माणसं बाहेर पडत होती आणि झाकलेल्या मुठी घोंगडीत उघडत होती. ट्रॅक्टर, मोटारसायकली बाजूनं वाट काढत होत्या. मी खिसे चाचपले. गाडीच्या हॉर्नच्या घाईत पैसे घरीच राहिले होते. अंगावरची शाल काढून मी घोंगडीत टाकली. ड्रायव्हरनं सोफ्याखालून आणून दिलेला नारळही टाकला.

“हे काय वो सर?” कडूबाई म्हणाली. “नारळ फोडून पोरीची फी भरायची व्हय?”

“माझ्याकडं आत्ता एवढंच आहे.”

“असूं द्या, असूं द्या. शाल कोकराला व्हईल.”

मला हसू आलं असतं, पण मागं ऋतुजा उभी होती.

“सर, तुमी उठलात तवा मला वाटलं, आता बोलतेत.”

“मला बोलायचं होतं गं.”

“मग?”

“सुचेना.”

“दादांचं मला कळतंय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होतं. “त्यांना सगळ्यावर आपलं नाव पाहिजे. लखनभाऊचं बी कळतंय, त्याला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे. तुमचं कळंना. तुमाला काय पाहिजे?”

“काही नको.”

“मग गप कावून?”

“ऋते,” कडूबाई दटावून म्हणाली, “लाज वाटूं दे. म्हातारं माणूस हाय.”

“आज्जी, ते म्हातारं हाय म्हणूनच त्यांची सही लागती. बाकीचे सही करणारे मेले.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “उद्या कागद जाणार हायेत सर. एकदा गेले की पुढच्या वर्षी समद्यांना त्या पुठ्ठ्यापुढं वाकायचंय. मी न्हाई वाकले, माझं शेवटचं वर्ष हाय. पण पाचवी-सहावीतली पोरं काय करतील? तुमाला बोलता येत न्हाई, ठीक हाय. लिवता तर येतंय का न्हाई?”

मी मान हलवली.

“हो का न्हाई?”

“येतं,” मी म्हणालो.

मग घोंगडीतल्या पैशांकडं बघत मी कडूबाईला हळूच विचारलं, “फीला पुरेल का हे?”

“न्हाई पुरलं तर पुढल्या गावात पसरू. वाडा तर निघालाच हाय परवा.”

गाडीत न बसता मी चालत घरी आलो. रस्ताभर मी बोलत होतो. मंचावर जे सुचलं नाही ते सगळं रस्त्यावर सुचत होतं, आणि चांगलं सुचत होतं. आप्पाराव, तुम्ही फी भरत नाही, पोरं विकत घेताय. लखन, तूही मॅचच्या रानात उभा राहून ‘मी लखन, बारावी, सायन्स’ असं ओरडला होतास, तुला कुणी वाकवलं होतं का रे? समोरून येणारा एक सायकलवाला थांबून विचारता झाला, “काही पाहिजे का बाबा?”

घरी आलो तर वच्छला दारातच होती.

“टाळ्या पडल्या म्हणे तुमाला. शेजारच्या पोरानं मोबाइलवर दाखवलं. हात वर करून उभे होता, देवासारखे.”

मी जोड्यासकट दाराला लाथ मारली. माझी लाथ काही फार नव्हती, पण दार आपटलं. वच्छलानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं घाबरून पाहिलं.

“कुणावर चिडलात?”

“आप्पारावांवर. लखनवर. त्या फोटोग्राफरवर.”

“आन?”

मी खाली बसून जोडे काढायला लागलो. ती आत गेली, माझी लिहायची फळी आणि कोरे कागद घेऊन आली आणि चुलीवर चहा टाकला. “आठ पानं नको,” एवढंच म्हणाली.

पहिला कागद ‘महोदय’ लिहून फाडला. दुसऱ्यावर ‘माझ्या अल्पमतीनुसार’ असं लिहिलं आणि मला इतका संताप आला, की पेनाचं टोक कागदातून फळीत रुतलं. कसली अल्पमती? सत्तरी उलटून गेली तरी मी प्रत्येक वाक्याच्या दारात माफी मागत उभा. ह्याच सवयीवर लखननं पंधरा दिवसांचं वाक्य लिहिलं होतं. तिसऱ्या कागदावर लिहिलं ते असं:

‘लखन, तुझ्या पत्राला उत्तर. माझी हरकत आहे. नाव बदलायला आहे, मॅच कुंपणात न्यायला आहे, आणि पोरांना फीसाठी वाकवायला सगळ्यांत जास्त आहे. मी संमती दिलेली नाही. मी गप्प होतो, आणि गप्प राहिलो ही माझी चूक. रविवारी मी हात वर केला तो थांबा म्हणायला. तो आशीर्वाद होता असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो आहे. पुढच्या वर्षी मॅच रानात होईल आणि घोंगडी फिरेल. याची एक प्रत बीडच्या धर्मादाय कार्यालयाला पाठवतो आहे. बंकट.’

वच्छलानं वाचलं. तिला वाचायला मीच शिकवलं आहे. ती ओठ हलवत वाचते.

“‘आपला नम्र’ न्हाई लिवलं?”

“लिहिलं होतं. खोडलं.”

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. रजिस्टर करायचं म्हटल्यावर खिडकीतला कारकून म्हणाला, रजिस्टर बंद झालं बाबा, आता स्पीड पोस्टच. मी म्हणालो, तेच द्या. दोन पाकिटं, एक समितीच्या पत्त्यावर, एक बीडला. तो पत्ते संगणकात भरत होता तेवढ्यात माझा फोन वाजला. लखन होता.

“सर, बीडला निघालोय. जाता जाता घरी येतो. एक सही पाहिजे तुमची, सोपं पडतंय.”

“मी घरी नाही.”

“मग कुठं हायेत? तिथं येतो.”

“पोस्टात. तुझ्या पत्राला उत्तर पाठवतोय.”

“कोणत्या पत्राला?”

“श्रावणातल्या.”

तो हसला. “अहो सर, त्याला किती दिवस झाले! आता काय उपयोग? काय लिवलंय त्यात?”

खिडकीतला कारकून माझ्याकडं बघत होता, मागं रांगेत दोन बायका उभ्या होत्या. लखनचा श्वास मला ऐकू येत होता. ह्या पोराला मी एकेकाळी नकाशाचं पुस्तक घरी नेऊ दिलं होतं, नियमात बसत नसताना.

“माझी हरकत आहे,” मी म्हणालो. आवाज चिरका आला. रांगेतल्या बायका दचकल्या.

“सर, तुमाला कुणीतरी भरवलंय. ती पोरगी ना? हे बघा, दादांना कळलं तर...”

“सही देणार नाही. बाकीचं पत्रात वाच,” असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे ते लाल बटण मला लगेच सापडलं नाही. तो काहीतरी बोलतच होता.

“बाबा, पाठवणाऱ्याचं नाव?” कारकुनानं विचारलं.

मी नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. त्यानं दोन्ही पाकिटांवर पट्ट्या चिकटवल्या, शिक्के मारले आणि मागच्या पोत्यात टाकली.